बाबांच्या इच्छापत्राचा दुसरा मसुदा

माझ्या वडिलांनी सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं मसुदे लिहिले. साहेबांनी तोंडी काहीतरी बोलायचं आणि बाबांनी ते कागदावर असं उतरवायचं की उद्या कोणी कोर्टात गेलं तरी साहेबांच्या केसाला धक्का लागू नये. निवृत्त होऊन वीस वर्षं उलटली, पण हाताची खोड काही गेली नाही. सोसायटीत दुपारी पाणी येणार नाही, एवढं फळ्यावर लिहायचं तरी त्यांना वर 'विषय' लागतो आणि खाली 'प्रत माहितीसाठी'. त्यामुळे एका रविवारी जेवून उठल्यावर ते म्हणाले, "अगं, माझ्या मरणाचा मसुदा झालाय, जरा नजर टाक," तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. संताप आला.

मी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. सकाळपासून शेगडीपुढे उभं राहून माझी जीभही तापलेलीच असते, असं नवरा म्हणतो, आणि ते काही खोटं नाही. बाबा कोपरीला एकटे राहतात. आई गेल्यावर 'आमच्याकडे चला' म्हणून मी शंभरदा सांगून पाहिलं, पण त्यांना स्वतःच्या घराची किल्ली स्वतःच्याच खिशात लागते. मग मीच रविवारी आणि बुधवारी डबे घेऊन जाते. मी एकुलती एक. भाऊ नाही, बहीण नाही, म्हणजे भांडायलाही बाबांना मीच आणि मला बाबाच.

तो कागद मी तेव्हा अर्धाच वाचला. आपल्याकडे सुई टोचून कोणाला मरण देणं हा गुन्हाच आहे. पण माणूस बरा व्हायची आशाच उरली नसेल तर मशिनं लावू नका, लावली असतील तर काढा, असं आपण धडधाकट असताना लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार लागतात, नोटरीचा शिक्का लागतो, आणि घरचं एक माणूस लागतं, जे वेळ आली की डॉक्टरांशी बोलेल. त्या माणसाच्या जागी बाबांनी माझं नाव टाइप करून ठेवलं होतं. मला न विचारता.

"माझं नाव खोडा," मी म्हटलं.

"मग कोणाचं घालू?"

"वॉचमनचं घाला." मी डबे उचलले आणि निघून आले.

हे असं का झालं ते सांगायला हवं, नाहीतर मी नुसतीच कजाग वाटेन. चार वर्षांपूर्वी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की आता ही परत येणार नाही. श्वास मशीन घेतंय, बाकी काही उरलेलं नाही. बाबा हळूच म्हणाले, "आता थांबूया." आणि मी, त्या कॉरिडॉरमध्ये, दहा माणसांसमोर, त्यांना म्हणाले, "का, जड झाली का ती तुम्हाला?" बाबा गप्प बसले. डॉक्टरांना मी सांगितलं, सगळं करा. त्यांनी सगळं केलं. आई अकरा दिवस त्या नळ्यांमध्ये होती. शेवटी शेवटी तिचे हात इतके सुजलेले की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. त्या वाक्याबद्दल बाबा मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून तो कागद म्हणजे मला माझ्यावरचं आरोपपत्र वाटला. मी सरळ मनात धरून बसले की हा माणूस मला चार वर्षांनी उत्तर देतोय.

पुढच्या शनिवारी त्यांनी फोन केला. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर याच विषयावर चर्चा होती, इच्छामरणाचा कायदा असावा की नसावा. "तू ये, ऐक, मग माझ्यावर ओरड," म्हणाले. मी गेले. सभागृहात चाळीसेक म्हातारी माणसं, पंखे घरघरतायत, आणि मध्ये चहाचा थर्मास. बाबा अर्थातच बाजूने बोलले. नुसतं मशीन काढण्यापुरतं नाही, त्यांना सुईचाही कायदा हवा होता. "जगायचं कसं ते मी ठरवलं," ते म्हणाले, "नोकरी कुठली, लग्न कोणाशी, घर कुठे. मग निघायचं कधी, एवढंच काय ते दुसऱ्याने ठरवायचं? यातनांनी पिळवटलेला माणूस हात जोडून सांगतोय, सोडवा, आणि आपण म्हणायचं, नियमात बसत नाही?" टाळ्या पडल्या. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

मग कळव्याहून येणाऱ्या एक निवृत्त सिस्टर उठल्या. वॉर्डात हयात गेलेली बाई, बोलणं एकदम साधं. "सुईचा कायदा झाला ना, तर म्हाताऱ्या माणसाला कोणी मर म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "ते स्वतःच म्हणेल. मुलगा रजा टाकून बसलाय, सून थकलीय, हे त्याला दिसतं. माझ्या वॉर्डात रोज कोणीतरी विचारायचं, सिस्टर, मी यांच्यावर ओझं झालोय का? त्यावेळी मी उशी सारखी करायचे आणि म्हणायचे, गप पडा. कायदा असता तर त्या माणसासमोर फॉर्म ठेवायला लागला असता. ज्याच्या घरी बघायला माणूस आहे, दुखणं थांबवायला औषध आहे, त्याने मागितलं तर ती इच्छा. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने मागितलं तर ती कसली इच्छा?"

मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बरोबर आहे यांचं. आणि कागदावर सही करून मोकळं होणाऱ्यांनी मागे राहणाऱ्याचा विचार करावा." सगळे माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघायला लागले. सिस्टर मात्र माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाही हो ताई. सुई वेगळी आणि मशीन थांबवणं वेगळं. एकात आपण मारतो, एकात आपण अडवणं सोडतो. मशीन थांबवायला माझा विरोध नाही." म्हणजे ज्यांच्या आधारावर मी उभी राहिले त्यांनीच मला खाली बसवलं. बसले.

परतताना कोपरीच्या गल्लीत बाबा चालता चालता थांबले. त्यांची छाती जुनी, दम्याची, बोलायचं असेल तर उभं राहावं लागतं. "मला मरायची घाई नाहीये गं," ते म्हणाले. "मला तुझ्या आईसारखं पडायची भीती वाटते. एवढंच आहे. तुला शिक्षा द्यायची नाहीये मला." 

एवढं उघड बोलणं आमच्या घरात कधी झालेलं नाही. मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "ठेवा माझं नाव."

सही करायच्या दिवशी ते मला म्हणाले, "शब्द मोडणार नाहीस?" मी म्हटलं, नाही. सिस्टर एक साक्षीदार होत्या. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'मला कोणत्याही परिस्थितीत कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावण्यात येऊ नये.' "हे 'कोणत्याही परिस्थितीत' जरा जास्त होतंय हो," सिस्टर म्हणाल्या. "बऱ्या होणाऱ्या दुखण्याचं काय?" बाबांनी नकारार्थी मान हलवली. मसुद्यात फट ठेवली की कोणीतरी नेमकं तिथूनच शिरतं, हे त्यांचं आयुष्यभराचं शहाणपण. कंत्राटदारांना आत शिरू न देण्यासाठी शिकलेलं ते कसब त्यांनी इथे डॉक्टरांवर वापरलं. आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. एक प्रत महापालिकेत, एक डॉक्टरांकडे, एक माझ्या पर्समध्ये.

सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, बाबांना श्वास घेता येत नाहीये, ठाण्याला हॉस्पिटलात नेतोय. त्या दिवशी मेगाब्लॉक, लोकल बंद, म्हणून नवऱ्याने गाडी काढली आणि शीळफाट्याला आम्ही अडकलो. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. तिथे बसून मी पर्समधला कागद काढला, वाचला, परत ठेवला. पुन्हा काढला. आईच्या वेळी आपण माती खाल्ली, या वेळी नाही, असं मी स्वतःला बजावत होते. या वेळी बाबा जे म्हणतात तेच. रडणार नाही, ओरडणार नाही, शब्द पाळणार. मला त्या क्षणी स्वतःबद्दल जवळजवळ अभिमान वाटत होता, हे आज सांगताना लाज वाटते.

हॉस्पिटलात बाबा अर्धवट झोपेत होते. हाक मारली तर डोळे उघडायचे आणि मिटायचे. डॉक्टरबाई तरुण, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या भराभर सांगायला लागल्या. न्यूमोनिया आहे, मुळात दम्याची छाती, आत खराब हवा साठलीय म्हणून गुंगी आलीय. तोंडाला घट्ट मास्क बसवून मशीनने श्वास द्यायला हवा. लगेच. त्याने नाही भागलं तर थोडे दिवस नळी.

मी कागद पुढे केला. "मशीन नाही," मी म्हटलं. "त्यांनी लिहून दिलंय. तिसरं कलम बघा."

त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा बदलला. "ताई, हा कागद आजच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "बरं होण्याची आशा संपते तेव्हाचा आहे हा. कायदाही तेच म्हणतो. यांना औषध लागू पडेल असं मला वाटतंय. मशीन म्हणजे तोपर्यंतचा टेकू."

"कोणत्याही परिस्थितीत, असं लिहिलंय." 

"लिहिलंय. पण तुमची संमती मला आत्ता हवीय. फार वेळ नाहीये."

मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले. नवरा माझा हात धरत होता, तो मी झटकला. माझ्या मनात एकच, मी शब्द दिलाय, एकदा या माणसाचं ऐकलं नाही, आता ऐकणार. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "हे त्यांनी कशाला घाबरून लिहिलं?"

मी पहिल्यांदाच त्या कागदावरचा कलमांच्या वरचा भाग वाचला. अगदी सुरुवातीला, सवयीप्रमाणे, बाबांनी 'संदर्भ' घातला होता. 'संदर्भ: पत्नीचे अखेरचे आजारपण.' मी आईच्या सुजलेल्या हातांकडे बघावं तशी त्या ओळीकडे बघत राहिले. हा माणूस त्या अकरा दिवसांना घाबरलेला. न्यूमोनियाला नाही. परवाच त्याने फोन करून पुढच्या शनिवारच्या कट्ट्यासाठी अळूवड्यांची ऑर्डर दिलीय आणि वर सांगितलंय, गेल्या खेपेला चिंच कमी पडलेली. असा माणूस काय निघालेला असतो? आणि मी त्याला त्याच्याच अक्षरांनी मारायला बसलेय.

"लावा," मी म्हटलं. "सगळं लावा." आणि मग मात्र रडले. नवऱ्याच्या खांद्यावर, शर्ट भिजेपर्यंत.

नळीपर्यंत वेळ आली नाही. पहिले दोन दिवस वाईट गेले. ते मास्क ओढून काढायला बघायचे, मी हात धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी गुंगी उतरली, चौथ्या दिवशी दुपारी मास्क निघाला. नाकावर मोठा लाल वण उमटलेला. पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न, "कागद दाखवलास?"

"दाखवला."

"मग हे काय?"

"मग मी तो मोडला."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दोन दिवस माझ्याशी फक्त 'चष्मा दे' आणि 'खिडकी लाव'. मला काय वाटलं असेल? मीही काही देवी नाही. मला भयंकर राग आला. जिवंत आहात ते माझ्यामुळे, असं ओठांवर आलेलं मी कितीदा गिळलं. घरी आणल्यावर भाताची पेज त्यांच्यापुढे ठेवली आणि शेवटी फुटलेच. "बोला एकदाचं. चुकलं का माझं? मेला असता तर बरं झालं असतं का?"

"तसं नाही," बाबा म्हणाले. पेजेत चमचा फिरवत राहिले. "मला बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू, सकाळी उठून गॅलरीत बसलो तर फार बरं वाटलं. पण मला भीती वाटते. आईच्या वेळी तू म्हणालीस, सगळं करा. आता माझ्या वेळीही तेच म्हणालीस. उद्या खरंच संपलेलं असेल, तेव्हा तू काय म्हणशील?"

म्हणजे हे होतं. माझ्यावरचा राग नव्हता तो. या पोरीच्या हातात मी सुखरूप आहे की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

मी समोर बसले. शीळफाट्यापासूनचं सगळं सांगितलं. मी आधी कागदच पुढे केला, दोनदा नाही म्हणाले, अजून थोडं ताणलं असतं तर तुम्ही गेला असतात, तुमच्या त्या बिनफटीच्या कलमापायी. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा चमचा थांबला.

"तू नाही म्हणालीस?"

"दोनदा."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "माझा मसुदा चुकला." पस्तीस वर्षांत साहेबांपुढेही हे वाक्य त्यांनी उच्चारलं नसेल.

"आणि आईच्या वेळी मी चुकले," मी म्हटलं. चार वर्षं ते घशात अडकलेलं. "तुम्हाला जे बोलले ते तर फारच चुकलं."

"ती चूक नव्हती गं. घाबरलेलीस. मी पण घाबरलेलो, म्हणून तर गप्प बसलो. नवरा होतो मी तिचा, मी ठामपणे बोलायला हवं होतं. तुझ्या एका वाक्याला घाबरून मी तिला अकरा दिवस तिथे ठेवलं." आणि बाबा रडले. मी त्यांना आईच्या तेराव्यालाही रडताना पाहिलेलं नव्हतं. मी पेज बाजूला सरकवली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, तेही मी पूर्वी कधी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवा मसुदा सुरू झाला. या वेळी सिस्टरना आधीच बोलावलं. डॉक्टरबाईंनी फोनवर वेळ दिला. बरं होण्यासारखं दुखणं असेल तर सगळे उपाय करावेत. मशीन लावायचं तर ते मर्यादित काळासाठी, काय साधायचंय ते आधी ठरवून. परतीची वाट नाही असं डॉक्टरांनी रीतसर ठरवलं की मग काही नको, फक्त वेदना होऊ देऊ नयेत, तोंड ओलं ठेवावं आणि माणसं जवळ असावीत. शेवटचं वाक्य सिस्टरनी सांगितलं, बाबांनी 'माणसं' खोडून 'मुलगी' केलं. सुईच्या कायद्यावरून मात्र आम्ही तिघं अजून भांडतो. बाबा बाजूने, सिस्टर विरोधात, आणि मी ज्याची चूक वाटेल त्याच्यावर ओरडते. कट्ट्यावर त्यांनी हा विषय परत लावलाय, आणि या वेळी म्हणे घरच्या तरुण मंडळींनाही बोलवायचंय, म्हणजे निदान घरोघर बोलणं तरी होईल.

नोटरीच्या ऑफिसात अंतिम प्रत माझ्या हातात आली तेव्हा त्यात एक कलम जास्त होतं. आम्हाला कोणालाच न सांगता बाबांनी ते शेवटी टाइप करून आणलेलं. सरकारी परिपत्रकाच्या तळाशी असतं तसं, कोरडं, ठणठणीत.

'प्रस्तुत इच्छापत्रातील मजकूर आणि माझ्या मुलीचे म्हणणे यांत तफावत आढळल्यास, मुलीचे म्हणणे ग्राह्य धरण्यात यावे.'

नोटरीसाहेबांनी चष्मा वर केला. "आजोबा, एवढी मोठी फट ठेवताय?"

"मुद्दाम ठेवलीय," बाबा म्हणाले.

मला अक्षरं दिसेनाशी झाली. पेन हातात धरून मी त्यांच्याकडे वळले आणि जे त्यांना इतके दिवस ऐकायचं होतं ते नोटरी आणि सिस्टरच्या देखत सांगितलं. "बाबा, खरंच वेळ आली की मी तुम्हाला जाऊ देईन. हात धरून बसेन, पण अडवणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "सही कर आता. साहेबांची जेवायची वेळ झालीय."